मिस्त्रींची गॅलरी

मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी तिला बोटाच्या पेराने दोनदा ठोठावत आणि कान देत. यजमान ओशाळला तरी यांना त्याचं काही नसे. "माणसाचं मला कळत नाही, पण लाकूड खोटं बोलत नाही," म्हणत आणि मग ऐसपैस बसत.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा एक सामना आमच्या ठाण्याला मिळाला. गावात कोण आनंद! मैदानाला मात्र ना कुंपण, ना बसायला जागा. मी तयारी समितीचा चिटणीस, पंचविशीतला आणि अंमळ जास्तच शहाणा. मिस्त्रींना मैदानावर नेऊन ऐटीत सांगितलं, "इथे पाचशे माणसांची गॅलरी बांधा." कागद नाही, आकृती नाही.

मिस्त्रींचा जन्म चाळी बांधण्यात गेलेला. त्यांनी गॅलरीच बांधली. लांबलचक, सपाट, पुढे नक्षीदार कठडा. टोकाला तुळशीच्या कुंडीपुरती जागासुद्धा सोडली होती! मी पाहिलं तेव्हा सामन्याला आठ दिवस उरले होते. मागच्यांना पुढच्यांच्या टोप्यांखेरीज काही दिसणार नव्हतं. त्यात आदल्या दिवशी स्पर्धेचे साहेब तपासणीला येणार. त्यांना पसंत पडलं नाही, तर सामना परत मुंबईला.

"अहो मिस्त्री, पायऱ्यापायऱ्यांची हवी होती!" मी रडकुंडीला आलो.

"म्हणजे तळ्याचा घाट म्हणा की! मग गॅलरी गॅलरी काय करताय?"

संध्याकाळी समितीच्या बैठकीत अध्यक्ष कडाडले. मी तोंड उघडण्याआधीच मिस्त्री उठले. "ऐकण्यात माझी चूक झाली. सहा दिवस द्या." मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

त्याच फळ्या, तेच वासे, पण सहा दिवसांत घाट उभा राहिला. कठडा तेवढा त्यांनी पुढे तसाच ठेवला. "माणसं उठून धावली तर धरील," म्हणाले. साहेबांनी तो गदागदा हलवून पाहिला आणि सही केली.

सामन्याच्या दिवशी मिस्त्री कुठे दिसेनात. शोधलं तर गॅलरीच्या खाली, वाशाला कान लावून बसलेले. एवढ्यात आपल्या संघाने गोल केला आणि वरची पाचशे माणसं धावत कठड्यावर आदळली. मिस्त्रींनी डोळे मिटले. कठडा जागचा हलला नाही.

"चूक माझी होती, मिस्त्री," मी तिथेच म्हणालो.

"ठाऊक आहे. बसा."

सामना संपल्यावर विचारलं, "कोण जिंकलं, कळलं का?"

"आपण. कुठे कुरकुरलं नाही."

आपण तीन गोलांनी हरलो होतो. मी त्यांना ते कधीच सांगितलं नाही. पण तेव्हापासून कोणाला काम सांगितलं, की 'तुम्हाला काय समजलं?' हे विचारल्याशिवाय मी हलत नाही. माझ्या हाताखालची माणसं याला कंटाळतात. कंटाळोत.

मिस्त्री गेले तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी खुर्ची पुढे केली. बसण्याआधी माझा हात आपसूक तिच्याकडे गेला आणि मी दोनदा ठोठावलं. रडून डोळे सुजलेल्या वहिनी एकदम हसल्या.

"बसा हो, भावोजी. ती त्यांनीच केलेली आहे."