लाट नसलेली जागा

लातूरकरांनो, थायलंडच्या फुकेतहून लिहायलेय.

आज बीचवर दोन्हीकडं लाटा फुटत होत्या, मधली पट्टी मात्र एकदम शांत. आमचे दाजी जळकोटच्या विहिरीत पोहायला शिकलेले. म्हणाले, "हितं लाट न्हाई, हितंच उतरू." तिथल्या लाल झेंड्यापाशी आम्ही हौसेनं फोटोसुद्धा काढला.

दाजी उतरले आणि पाणी त्यांना आत ओढायला लागलं. ते जीव खाऊन सरळ काठाकडं हात मारत होते, तरी लांबच जात होते. जीवरक्षकानं फळीवरून ओढून आणलं. मग त्यानं सांगितलं, लाटांचं पाणी ह्याच शांत पट्टीतून परत समुद्रात जातं, त्यातून आडवं पोहून सुटायचं असतं, अन् लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरूच नका.

आता हॉटेलच्या खोलीत चादर गुंडाळून बसलेत. मला म्हणाले, "विहिरीत काठ कुठंच जात न्हाई गं."

दुष्काळात, टँकरवर वाढलो आपण. पाणी नसण्याची भीती पाठ हाय. पाण्याची भीती लेकरांना कोण शिकवणार?