बारा हजार दोनशे एक्केचाळीस

बाबांचं आयुष्य मिलिंग मशीनवर चक्रांना दाते पाडण्यात गेलं. त्या कामात आकड्याचे अवयव पाडता आले नाहीत तर मशीन लावताच येत नाही, म्हणून डोक्याला सवयच लागलेली. समोरून गाडी गेली की नंबर वाचून पुटपुटणार, "हिला तेराने भाग जातो." आम्ही लहानपणी याची यथेच्छ टिंगल केली.

मग मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, पण बाबा मला आत्या समजू लागले आणि दादाला ओळखायला त्यांना वेळ लागे. दादा वाईट नाही, घायकुता आहे. त्याने बाबांचं वर्कशॉप विकायला गिऱ्हाईक शोधलं. "अशा डोक्याने फिरत्या मशीनपुढे उभे राहिले तर बोटं जातील," म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं, तरी मला त्याचा राग आला.

आईने मात्र कंबर कसली. रोज सकाळी ती पाटीवर एक मोठा आकडा लिहून द्यायची आणि बाबा त्याचे अवयव पाडायचे. हा आकडा ती स्वयंपाकघरात गुपचूप गुणाकार करून बनवायची, म्हणजे भाग जाणारच आणि बाबांची उमेद टिकणार. तसं आईचं गणित म्हणजे आनंदच. हातचा धरायला ती जन्मभर विसरत आली आणि बाबा जन्मभर तिला चिडवत आले.

गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी पाटीवर १२२४१ होता. सम नाही. अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीनही गेला. बाबा सात, अकरा, तेरा करत वर चढत राहिले. जेवण निवलं तरी पाटी खाली ठेवेनात.

"एकशे नऊपर्यंत पाहिलं," शेवटी ते म्हणाले. "एकशे अकराचा वर्गच याच्याहून मोठा, पुढे बघायला नको. कशानेच भाग जात नाही."

आईचा चेहरा पडला. भाग जायलाच हवा हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दादाकडे पाहिलं आणि त्याला काय ते कळलं.

"मी त्या माणसाला होय सांगतो," तो हळूच म्हणाला.

"थांब. ही मूळ संख्या आहे," बाबा म्हणाले. "यात शंभर मिळव. मग साताने जातो, आणि उरतात एक्केचाळीस नि त्रेचाळीस. हिचा हातचा राहिलाय."

आईने डब्यामागची चिठ्ठी आणली. २८७ गुणिले ४३. दादाने स्वतः मांडून पाहिलं. बेरजेत शेकड्याचा हातचा खरंच राहिला होता.

"पण बाबा, चूक तिचीच हे आधी कशावरून ओळखलंत? तुमचीही असू शकली असती."

"असू शकली असती. म्हणून दोनदा तपासलं." बाबा आईकडे बघत होते. "पण ही मला न सुटणारा आकडा देणार नाही. आजारी पडल्यापासून रोज सुटणारेच देतेय. मला काय कळत नाही?"

आई रडायलाच लागली. दादाने खिशातून वर्कशॉपची किल्ली काढून बाबांपुढे ठेवली. "मशीन चालू असताना मी शेजारी उभा राहणार, एवढं कबूल करा."

"राहा की," बाबा म्हणाले, आणि पाटी आईच्या हातात दिली. "उद्या जरा अवघड दे. हातचा धरून."