जप्त केलेली बॅटरी

ती घटना आठवली की आजही जेवण गोड लागत नाही. मी तेव्हा पांढरकवड्याला ठाणेदार होतो. हायवेवर ढाब्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकची बॅटरी चोरीला गेली आणि ड्रायव्हर फिर्याद द्यायला आला. चोरीची बॅटरी लगेच भंगारात येते, हा आमचा अनुभव. या वेळी मात्र भंगारवाल्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं. भंगारवाला खरं बोलतोय हे पटायलाच मला वेळ लागला.

खबर दिली ढाब्यावरच्या चहावाल्याने. "साहेब, आमच्या वस्तीत लाईट गेली तरी त्या पंक्चरवाल्याच्या घरातून घरघर आवाज येऊन राह्यला."

पंक्चरवाल्याला ठाण्यात आणलं. चोरी त्याने लगेच कबूल केली, पण माल कुठे आहे ते सांगेना. असा आरोपी मी पाहिला नव्हता.

"मले मारा साहेब, पण घरी नका जाऊ," एवढंच तो म्हणत राहिला.

आम्ही घरी गेलो. बैलबंडी उलटून कमरेखाली लुळी पडलेली त्याची तरुण मुलगी हवेच्या गादीवर निजली होती. गादीत हवा भरणारा पंप जुन्या इन्व्हर्टरवर चालला होता आणि इन्व्हर्टरला ती बॅटरी जोडलेली होती. लाईट गेली की गादी बसायची आणि मुलीच्या पाठीला जखमा व्हायच्या.

"निराधार योजनेचे पैसे मलमात अन् दवाखान्याच्या ऑटोत जातेत," तो म्हणाला. "बॅटरी कायच्यातून घेऊ?"

"न्या साहेब," मुलगी म्हणाली. "फक्त बाबाले सोडा."

पंचनामा करून बॅटरी जप्त केली. सोडून देणं माझ्या हातात नव्हतं. मुलीसाठी काही जादा मदत मिळते का विचारायला तहसीलमध्ये मी स्वतः गेलो. बाबू म्हणाला, "मानधन चालू आहे न तिचं. वरच्या खर्चाले आमच्याकडं सोय नाही." ट्रकमालकाने नवी बॅटरी बसवून घेतली होती, जुनी सोडवायला तो फिरकलाच नाही. ती मालखान्यात धूळ खात पडली. आम्ही स्टाफने वर्गणी काढून दुसरी घेऊन दिली, पण तोवर जखमा चिघळल्या होत्या.

जामिनाच्या अटीप्रमाणे पंक्चरवाला दर सोमवारी हजेरीला यायचा. एका सोमवारी आम्ही दिलेली बॅटरी आणि गुंडाळलेली गादी घेऊन आला.

"ठेवून घ्या साहेब. पोरगी गेली. कोणाले लागन त द्या."

मला सगळ्या स्टाफसमोर रडू आलं.

चोरीचं कलम मला तोंडपाठ होतं. अपंग माणसाला नुसतं जगायलाही किती जास्तीचं लागतं, ते या केसने शिकवलं. ते कोण देणार, हे मी पुढे बऱ्याच ऑफिसांत विचारलं. उत्तर मिळालं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही.

पुढच्या सोमवारी तो पुन्हा आला. केस चालूच होती, सही घ्यावी लागली.