एक नंबरची खुर्ची

अभ्यासिकेतले किस्से कोणी मुद्दाम जमा करत नाही. फोनमधल्या गुड मॉर्निंगच्या फोटोंसारखे ते आपोआप साचतात. एखाद्या दिवशी साफ करायला बसावं, तर एकेक उघडून बघण्यातच दुपार जाते. आमच्या महागावच्या अभ्यासिकेतले माझ्याकडे साचलेले बहुतेक किस्से नाझनीनचे आहेत. आधीच कबूल करतो, ती पोरगी माझ्या डोळ्यांत खुपायची.

वानखडे काकांनी घराच्या वरच्या मजल्यावर ही अभ्यासिका काढली. तलाठीपासून पोलीस भरतीपर्यंत सगळे फॉर्मवाले इथे. नाझनीन येण्याआधी दोन वर्षं इथला मोबाइल-कॉम्प्युटरचा माणूस मी होतो. ओटीपी येईना, पीडीएफची साइज कमी होईना, की हाक एकच, "नितेशदादा!" एक नंबरची खुर्चीही माझीच. वर पंखा, शेजारी प्लग, खिडकीमुळे फुल रेंज.

*

नाझनीन फुलसावंगीहून बसने यायची. वडील टू-व्हीलरचे मेकॅनिक. ती पहिल्या दिवशी आली तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या अविनाशचा फोन गच्च भरला होता आणि मी तासाभरापासून त्यातले लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो एकेक करून उडवत होतो. मी दहा उडवले की ग्रुपवरून पंधरा नवे येत.

ती मागे उभी राहून पाहत होती. शेवटी म्हणाली, "दादा, नळ चालू ठेवून फरशी काहून पुसून राह्यले?"

फोन घेतला, फोटो आपोआप डाउनलोड होण्याचं सेटिंग बंद केलं आणि परत दिला. अर्धं मिनिटही लागलं नाही. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

*

मग तिने पंचवीस मिनिटं वाचन आणि पाच मिनिटं सुट्टी ही पद्धत आणली. फोनवर टायमर लावला की माणूस फोनमध्येच अडकतो, म्हणून सगळे फोन टेबलाच्या खणात. वेळ सांगायचं काम वानखडे काकांकडे. काका स्टीलचं ताट आणि चमचा घेऊन दारात खुर्ची टाकून बसले. वेळ झाली की ठण्ण.

दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर वाचायला बसलो ते वाचतच राहिलो. ताट वाजेना आणि आधी उठायची कोणाची हिंमत होईना. दीड तासाने अविनाश दबकत दारापर्यंत गेला. काका ताट पोटावर ठेवून घोरत होते.

त्या दिवशी सगळ्यांचा अभ्यास कधी नव्हे इतका झाला. कौतुक झालं ते नाझनीनच्या पद्धतीचं. काकांनी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी घरून पोहे आणले. त्यांचा विसरलेला पासवर्ड दोन वर्षं मी शोधून देत होतो. मला त्यांनी कधी चहाही विचारला नव्हता.

*

मलाही काहीतरी करून दाखवणं भाग होतं. कुठेतरी वाचलं होतं की फोनची स्क्रीन काळी-पांढरी केली की फोन बघावासाच वाटत नाही. मी ही टिप सगळ्यांसमोर जाहीर केली. अविनाशने ती लगेच अमलात आणली. एवढा एकच माणूस अजून माझ्या पक्षात होता.

आठवड्याने त्याने एका भरतीचा फॉर्म भरला. फोटोला पांढरा बॅकग्राउंड हवा होता, म्हणून घरच्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढला आणि अपलोड केला. फायनल सबमिट करण्याआधी काकांच्या कॉम्प्युटरवर सहज उघडून पाहिला, तर मागची भिंत फिकट गुलाबी!

तो माझ्याकडे आला. "दादा, माह्या फोनमंदी तं पांढरी दिसत होती ना."

भिंत पांढरी करून दिली ती नाझनीनने, दोन मिनिटांत. वर मला म्हणाली, "पन दादा, टिप चांगली हाय तुमची. मी बी स्क्रीन तशीच ठेवली." तिने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

*

खरी आग लागली ती तिच्या तक्त्यामुळे. तिने एक ऑनलाइन तक्ता बनवून सगळ्यांना शेअर केला. चहा, गप्पा आणि फोनचा वेळ वजा करून दिवसभराचे खरे तास ज्याने त्याने संध्याकाळी भरायचे. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी नियमच काढला: रविवारी ज्याचे तास जास्त, त्याला पुढचा आठवडा एक नंबरची खुर्ची.

पहिल्याच रविवारी खुर्ची नाझनीनकडे गेली. मी नऊ नंबरवर, पाण्याच्या कॅनजवळ. दिवसभर लोक माझ्या डोक्यावरून बाटल्या भरत होते. समोर ती माझ्या पंख्याखाली, माझ्या प्लगला फोन लावून वाचत होती. मी पुस्तक उघडं ठेवून तिलाच बघत होतो. इतका जळलो की त्या आठवड्यात एक धडाही धड झाला नाही.

मग मी एक गोष्ट करायला लागलो. संध्याकाळी तक्त्यात चार लिहायचो, कारण चारच व्हायचे. मग समोरची खुर्ची दिसायची आणि चाराचे सहा करायचो.

पुढच्या रविवारी खुर्ची परत माझी. त्याच्या पुढच्या रविवारीही. नाझनीनचे तास साडेपाच, पाच असे घसरत चालले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? अविनाश म्हणालाही, "बाप्पा, हे तं दिवसभर मान वर करत नाई. हिचे तास कमी कसे?"

मी म्हणालो, "नुसतं बसल्यानं अभ्यास होते काय?"

*

एका रविवारी तिने काकांच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांना एक टिप दाखवली. "फाइलमंदलं काई चुकून खोडलं गेलं तरी घाबराचं नाई. याच्यात हिस्ट्री राह्यते. कोनं, कवा, काय बदललं, सगळं दिसते." मी उगाच बाटली भरायला उठलो.

अविनाश म्हणाला, "आपल्या तासाच्या तक्त्याची दाखव ना."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्यात काय पाह्यतं? मले बस हाय." फाइल बंद करून, बॅग उचलून ती निघून गेली.

सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसलो. माझ्या खुणा पुसता येतात का, ते बघायचं होतं. पुसता येत नाहीत. माझ्या रकान्यात रोज तेच: आधी चार, मग सहा. शेजारच्या रकान्यात नाझनीनचं नाव होतं. शनिवारी आधी सात, अर्ध्या तासाने साडेपाच. शुक्रवारी आधी साडेसहा, मग पाच. मी मागे मागे जात राहिलो. रोज माझे सहा झाल्यावरच तिचे तास कमी झाले होते.

सोमवारी मी आपणहून नऊ नंबरवर जाऊन बसलो. नाझनीन आली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "काहून दादा, पंखा बिघडला काय?"

"नाई. तू बस तिथं."

"रविवारी पाहू," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली. ती खुर्ची दिवसभर रिकामी राहिली.

संध्याकाळी मी चार तास लिहिले आणि चारच ठेवले. मग फोन हातात धरून बसून राहिलो. सव्वापाचला तिच्या रकान्यात सात आले. साडेपाचला तिची बस सुटली.

पावणेसहाला सात गेले आणि तिथे साडेतीन आले.