संस्थानच्या दप्तरी खटारो

मी बडोद्याच्या एका शाळेत गुजराती व्याकरण शिकवत असे. घरात मराठी बोलणारा माणूस गुजराती मुलांना गुजराती शिकवतो याचं लोकांना नवल वाटे, आणि मला गर्व. वहीत एक अनुस्वार चुकला तरी माझं डोकं फिरायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते एका शब्दामुळे झालं आणि तो शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

मोटार घेतली ती आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी संस्थानच्या पागेत घोड्यावर काढली. घोड्याने त्यांना कधी पाडलं नाही. पाडलं ते न्हाणीघरातल्या ओल्या फरशीने. खुबा मोडला, तो कसाबसा सांधला, पण आगगाडीच्या पायऱ्या चढणं संपलं आणि बैलगाडीचे हिसके सोसेनात. त्यांचा पागेतला जोडीदार बडोद्याजवळच्या पादरा गावी मुलाकडे राहत होता. आम्ही त्यांना पादऱ्याचे काका म्हणायचो. दर दसऱ्याला ते दोघे एकमेकांना भेटत आणि कोणाचा घोडा जास्त नाठाळ होता यावर भांडत. आता तीन दसरे चुकले होते, आणि त्या वर्षी काकांनी अंथरूण धरल्याचं कळलं. आबा तोंडाने काही मागणारे नव्हते. पण रोज संध्याकाळी नागरवाड्यात आमच्या ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "पादऱ्याहून आलात का?" मला ते ऐकवत नसे.

मोटार कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरची होती. ते मुंबईला जाऊन राहणार होते, म्हणून काढून टाकत होते. कापडी टप, एकच धड दिवा आणि दाबला की खोकल्यासारखा वाजणारा रबरी भोंगा. ही गाडी रस्त्यात कधी थांबलेली नाही, असं डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं. ते खरंच असावं, कारण ती सुरूच मोठ्या मिनतवारीने व्हायची. डॉक्टरांनीच मला चार दिवस कॅम्पाच्या मैदानावर चालवायला शिकवलं आणि ते मुंबईला निघून गेले.

आता कॅम्प म्हणजे इंग्रजांची हद्द आणि शहर म्हणजे महाराजांची. मोटार मैलभर चालवत घरी आणली की ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली, असा हिशेब. तेव्हा नवी नोंद, नवा नंबर, नवा परवाना. महाराज वर्षातले कितीतरी महिने परदेशात असत, पण कचेऱ्या अशा चालत जणू ते शेजारच्याच खोलीत बसले आहेत. मी तीन दिवस त्या कचेरीच्या बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी कारकुनाने दौत पुढे ओढली आणि वाहन कोणतं, असं गुजरातीत विचारलं. मी कंटाळलो होतो, आणि जरा मोठेपणाही दाखवायचा होता. शुद्ध गुजरातीत म्हणालो, "मोटर शानी, भाई? खटारो छे."

मोटार कसली, खटारा आहे, असं. आपल्याकडे जुन्या मोडक्या गाडीला खटारा म्हणतात. नव्या वस्तूला नजर लागू नये म्हणून तिला आपणच नावं ठेवायची, ही तर आमची घरोघरची रीत. कारकून हसला नाही. त्याने वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हाती दिला. दुसऱ्याच्या कागदातल्या वेलांट्या शोधणारा मी, पण स्वतःचा कागद न वाचता घडी घालून खिशात टाकला.

पाचव्या दिवशी शाळेतून घरी येतो तर दारात मोटार नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, पोलीस आला होता, बैलांची एक जोडी आणून ओढून घेऊन गेला. आबा ओट्यावरच होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी विचारलं, तुम्ही काही बोलला का नाहीत? तर म्हणाले, "बोलणार काय? बैल चांगले होते."

तणतणत चौकी गाठली. तिथून मला गावाबाहेरच्या गाड्यांच्या अड्ड्यावर पाठवलं. कापसाच्या आणि गवताच्या गाड्यांच्या रांगेत माझी मोटार मुकाट उभी होती आणि एका गाडीवानाने तिच्या भोंग्याला आपलं मुंडासं वाळत घातलं होतं. मी हवालदाराशी भांडायला उभा राहिलो. त्याने मला फक्त परवाना उघडून वाचायला सांगितला. मी वाचला. "खटारो एक, माल भरवा माटे." माल भरण्यासाठी एक खटारो. गुजरातीत खटारो म्हणजे ओझ्याची गाडी. मोडकी असो की कोरी करकरीत, माल वाहते ती गाडी म्हणजे खटारो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ज्याला हे माहीत नाही अशा मुलाला मी बाकावर उभा केला असता. पण जीभ घरची निघाली. ओझ्याच्या गाडीला आमच्या गल्लीत उभं राहायची मनाई होती आणि तिच्यातून माणूस नेण्याचीही. मी परवाना घडी घालून तसाच परत निघालो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज केला. नोंदवही बांधीव होती आणि तीत खाडाखोड चालत नव्हती. मूळ मालकाचा दाखला हवा होता आणि मूळ मालक मुंबईत होते. दाखला आला की तो वरच्या साहेबांकडे जाणार, तिथून आणखी वर. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने मला पाणी दिलं आणि दीड महिना तरी लागेल म्हणून सांगितलं. मी त्याच्यावर चिडलो, मग घरी येऊन बायकोवर चिडलो, आणि शेवटी स्वतःवर चिडायचं तेवढं उरलं. मोटार अड्ड्यावरून आणायची म्हणजे पुन्हा गल्लीचा प्रश्न, म्हणून ती तिथेच राहिली. मी रोज शाळेत जाताना तिला पाहून येत असे.

आठवड्याच्या आत पादऱ्याहून काकांच्या मुलाची चिठ्ठी आली. वडिलांनी अन्न सोडलं आहे, आबांची आठवण काढतात, जमल्यास यावं. आबांनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग काठी टेकत आत गेले आणि पागेतला जुना फेटा काढून बांधत बसले. फेटा सारखा सुटत होता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ही भेट चुकली तर ती माझ्या एका शब्दामुळे चुकेल आणि आबा मला त्याबद्दल कधी एक अक्षर बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तशीच रजा टाकली, टांग्यातून हळूहळू आबांना अड्ड्यावर नेलं, मागच्या बैठकीवर उशा रचून त्यांना बसवलं आणि निघालो. पादऱ्याच्या रस्त्याला जकातीचा नाका होता. तिथल्या नाकेदाराने अडसर खाली केला, परवाना वाचला आणि मागे फेटा बांधून बसलेल्या आबांकडे पाहिलं.

"खटारामां माणस न बेसे, साहेब," तो म्हणाला. "माल होय तो लखावो."

ओझ्याच्या गाडीत माणूस बसत नाही, माल असेल तर तो लिहून द्या. मी खाली उतरलो. शब्दाचा घोळ, अर्ज, डॉक्टर, आजारी काका, सगळं त्याला एका दमात सांगितलं. त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण पुढच्या वळणावर तपासणी होती आणि नोकरी त्याची होती. मी त्याच्याशी आणखी काही बोलणार, एवढ्यात मागून आबांचा आवाज आला. पागेत हुकूम द्यायचे तसा.

"त्याला म्हणावं, मला माल म्हणून लिही."

मी म्हणालो, आबा, काहीतरीच काय. ते म्हणाले, घरातली जुनी चीज आहे, एका घरातून दुसऱ्या घरी चालली आहे, यात खोटं काय? नाकेदाराला मराठी समजत होतं. तो बराच वेळ टाकाचं टोक पुसत राहिला. मग त्याने पावती फाडली आणि लिहिलं, "जूनुं राचरचीलुं, नंग एक." राचरचीलुं म्हणजे घरातलं सामानसुमान. खाली माल घेणाऱ्याच्या सहीसाठी जागा होती. पोच घेऊन परत येताना दाखवा, असं त्याने बजावलं. आबांना त्याने उतरायला लावलं नाही. अडसर उचलताना मात्र त्या मालाला नमस्कार केला.

पादरा दोन कोस राहिलं असताना मोटारीने प्राण सोडले. मी खांदे भरून येईपर्यंत हँडल फिरवलं, शिव्या घातल्या, अखेर पुढच्या चाकाला लाथ मारली. शेतातून एक पटेल आपली बैलजोडी घेऊन आला. त्याने पुढच्या कण्याला जाड दोर बांधला आणि आबांना म्हणाला, "बेसो बापा, हमणां पहोंचाडी दउं." बसा, आत्ता पोचवून देतो, म्हणे. आबा सगळा वेळ बैलांच्या चालीकडे बघत होते. डावा बैल अंग चोरतो, असं त्यांनी एकदा मला सांगितलं, आणि पटेलाला ते सांगितलंच पाहिजे असा हट्ट धरला. पटेलाने ते मान्य केलं.

असे आम्ही काकांच्या दारात पोचलो. मुलाने काकांची खाट पडवीत आणून ठेवली होती. चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतके ते वाळले होते, पण डोळे जागे होते. त्यांनी मोटार पाहिली, बैल पाहिले, मग उशांच्या ढिगात बसलेला फेटा पाहिला. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "याही वेळी तुझंच जनावर अडलं." आबा हसले. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी आणि काकांच्या मुलाने त्यांना उचलून खाटेशेजारी बसवलं. आबांनी काकांचा हात हातात घेतला. तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी मी पावतीची गोष्ट सांगितली. काकांना ती दोनदा ऐकायची होती. मग त्यांनी पावती मागितली आणि पोच आपणच देणार म्हणाले, कारण माल त्यांच्या नावचा होता. मुलाने पाठीला आधार दिला, मी टाक धरून दिला. दोन ओळी लिहायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. जुन्या मोडीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली.

आबा तिथेच राहिले. पटेलाच्या ओळखीच्या एका लोहाराने मोटारीत काहीतरी ठोकलं आणि दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत निघालो. नाक्यावर पावती दाखवली. नाकेदाराला मोडी वाचता येईना. काय लिहिलंय म्हणून त्याने विचारलं आणि मी माझ्या सवयीने लगेच भाषांतर करून सांगितलं, "माल पहोंच्यो. जूनो छे, पण बदलवो नथी." माल पोचला, जुना आहे, पण बदलून नको. वर्गात शेकडो वाक्यांची भाषांतरं केली होती, पण असं वाक्य कधी आलं नव्हतं. त्याने शिक्का मारला आणि पावती मला परत दिली.

नवव्या दिवशी काका गेले. आबा खाटेशेजारीच होते. दिवस झाल्यावर मी त्यांना आणायला गेलो. परत येताना नाक्यावर तोच नाकेदार होता. त्याने आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न लिहिता अडसर उचलला.

दोन महिन्यांनी कचेरीतून कागद आला. मुंबईचा दाखला मिळाला होता, साहेबांची मंजुरी झाली होती, खटारो ही नोंद बदलून मोटर अशी करण्यात येईल. फक्त चुकीच्या परवान्यावर झालेल्या प्रवासाचे मूळ कागद अर्जाला जोडायचे होते. मूळ कागद एकच होता, नाक्यावरची ती पावती. तो आबांच्या फेट्याच्या डब्यात, फेट्याच्या खाली होता. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "त्यावर त्याची सही आहे रे."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो आणि अर्ज मागे घेतला. कारकून माझ्याकडे बघतच राहिला. एवढे हेलपाटे घातल्यावर आता का, असं त्याने विचारलं. अर्ज मागे घेण्यालाही कारण लिहावं लागत होतं आणि त्यासाठी कागदावर एक ओळ मोकळी होती. मी टाक बुडवला आणि माझ्या सर्वांत चांगल्या गुजराती अक्षरात, एकही अनुस्वार न चुकता लिहिलं, "मूळ नोंध बराबर छे."