निर्मलाक्का आणि घसरणारे आकडे

बोलता बोलता निर्मलाक्का बंद खिडकीच्या फटीवर तळवा ठेवायच्या. वारा आत येतोय का, ते बघायला. हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत जुन्या कोळशाचं, लाकडाचं वय काढत. नमुन्यातला कार्बन बेन्झीनमध्ये उतरवायचा, ते कुपीत भरायचं आणि त्यातून उमटणारे प्रकाशाचे बारीक ठिपके यंत्राने दिवसेंदिवस मोजायचे. ठिपके जितके कमी, तितकं वय जास्त. खोलीचं तापमान हललं की आकडे हलत. म्हणून अक्कांनी साऱ्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. मी पुण्याहून नवीन आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "दार लाव गं. आकड्याला वारं सोसत नाही."

अक्का निपाणीच्या. घाई त्यांना खपत नसे. "स्वल्प थांब की. तो कोळसा हजारो वर्षं थांबलाय, तुलाच काय झालं?"

मग आकडे घसरू लागले. वय ठाऊक असलेला नमुनासुद्धा दर मोजणीला आणखी जुना दिसे. यंत्र उघडून झालं, एसी बदलला, नजरेतून सुटलेली एक फटही बुजवली. घसरण थांबेना. त्याच सुमारास अक्कांच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले. विचारलं तर म्हणाल्या, "कपाटाला धडकले असेन."

एका सकाळी त्यांनी कुपी तराजूवर ठेवली. भरली होती त्याहून ती हलकी होती. दुसरीही. बुचं बेन्झीन धरून ठेवत नव्हती.

"उडून जातंय," मी म्हणाले. "सापडलं, अक्का."

त्या हसल्या नाहीत. "उडून जाणार कुठं, वैशाली? हितंच की." मग हळूच म्हणाल्या, "मला वास येईनासा झालाय. तुला येतो?"

मला येत होता. गोडसर.

अक्कांनी स्वतःच्या नखांनी चिकटपट्ट्या सोलल्या. नवी घट्ट बुचं आली, हवा बाहेर ओढणारा पंखा बसला, मोजणी स्थिर झाली. त्यांच्या रक्तातल्या पेशी मात्र कमी होत गेल्या.

कारण बेन्झीनच आहे का, हे खात्रीने सांगता येत नाही, असं रुग्णालयात त्यांच्या खाटेजवळ डॉक्टर म्हणाले. "सरी, बरोबर आहे," अक्का म्हणाल्या, "कोळशाचं वय खात्रीनं आम्हीपण कधी सांगितलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "तुझं रक्त तपासलंस?"

"उद्या जाते."

"उद्या नको. खाली जा, आत्ता."

दोन दिवसांनी अहवाल घेऊन गेले. सगळं ठीक होतं. अक्कांनी तो डोळ्यांजवळ धरून पुरता वाचला. "एका मोजणीनं काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी परत मोज."

त्याच महिन्यात त्या गेल्या. मी अजून मोजते. अहवाल हातात येईपर्यंत घरात कुणाशी फारसं बोलत नाही.