दुसऱ्या खांद्याचा दोरा

लिंबू मी फक्त सरबतासाठी विकत घेते आणि मिरच्या फोडणीसाठी. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आपोआप मधल्याच मजल्यावर थांबते म्हणून मराठी मंडळातल्या बायका घाबरल्या, तेव्हा मी मेंटेनन्सला फोन लावला. त्यामुळे मी गूढ अनुभवांच्या या सदरात लिहीन असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण घडलं ते भर दुपारी, भरल्या थिएटरात घडलं...

मी शारजात अल मजाजला राहते आणि दुबईतल्या एका इव्हेंट कंपनीसाठी बॅकस्टेज बघते. बाहेरून ग्रुप आला की त्यांच्या पेट्या, इस्त्री, पासेस, जेवण सगळं माझ्याकडे. गेल्या हिवाळ्यात जपानहून काबुकीचा ग्रुप आला, पूर्ण सीझन करायला. काबुकी म्हणजे त्यांचं पारंपरिक नाटक. सगळे पुरुष, बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. स्टेजवर बाई नाही म्हणजे नाही.

मुख्य नट हायाशी-सान. सत्तरी ओलांडलेली, चहासुद्धा दोन्ही हातांनी धरून पिणारा शांत माणूस. शेवटच्या नाचात ते तरुण मुलगी व्हायचे. ही भूमिका त्यांना वडिलांनी शिकवलेली, आणि या सीझननंतर ते ती सोडणार होते. या नाचात सर्वांच्या डोळ्यांदेखत वेष बदलतो. पांढरा किमोनो क्षणात गळून पडतो, आत लालभडक! त्यात जादू काही नाही. वरचा किमोनो जाड दोऱ्याच्या सैल टाक्यांवर असतो. दोन मदतनीस दोन खांद्यांचे दोरे एकाच वेळी ओढतात. त्यांचे कपडे काळे, तोंडावर काळा पडदा. त्यांना कुरोगो म्हणतात. ते समोर उभे असतात, पण प्रेक्षकांनी ते दिसत नाहीत असं धरायचं, अशी रीत.

पहिल्याच शोला एका खांद्याचा दोरा अडकला. किमोनो अर्धवट लोंबकळला, हायाशी-सानचा पाय खालच्या घोळात आला आणि ते अडखळले. पब्लिक हसलं. मोबाइल वर झाले. ऑर्गनायझरने दुसऱ्या दिवशी सांगितलं, “अजून एकदा असं झालं तर हा नाच खलास, प्रोग्रॅममधून काढू.” हायाशी-सानने ते ऐकून घेतलं आणि वाकून नमस्कार केला. ते वाकणं मला अजिबात आवडलं नाही.

आणि दुसऱ्या शोच्या सकाळी पेटी उचलताना दोनपैकी एका कुरोगोची कंबर धरली. उरला एकटा केन्ता. पोरगा चांगला, पण हात दोनच, आणि एका खांद्याचा दोरा ओढायलाच दोन्ही हात लागतात.

मी वॉर्डरोबप्रमुख मोरिता-सानना म्हटलं, “मी उभी राहते. तोंडावर पडदा आहे, कोण ओळखणार?”

हे मी फुशारकीने म्हटलं नाही. माझी मुलगी जन्मायच्या आधीपासून मी मंडळाच्या नाटकांत बॅकस्टेज करते. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात नऊवारी नेसवणं हे माझं काम. नटी रडत असली तरी नेसवते. काष्टा खोचताना टोक दुहेरी दुमडून डावीकडे एक पीळ देते. ही माझी स्वतःची पद्धत, बाई कितीही नाचली तरी सुटत नाही.

मोरिता-सान म्हणाले, “सॉरी मॅडम. तुम्ही नाही. कोणालाच दिसलं नाही तरी आम्हाला माहीत असेल.”

त्यांचं घर, त्यांचे नियम. मी विंगेत जाऊन उभी राहिले. शेजारी आमचे सेटचे सुतार, अश्फाक भाई. दापोलीचे.

“मॅडम, आज म्हाताऱ्याची काय धडगत नाय,” ते म्हणाले.

“तोंड बंद ठेवा, भाई. पडदा उघडलाय.”

नाच सुरू झाला. केन्ता मागे गुडघ्यावर बसलेला. ठरलं असं होतं की आधी तो डावा दोरा ओढणार, हायाशी-सान पाठ फिरवणार, मग उजवा. दिसणार वाईटच, पण निभेल.

ती जागा जवळ आली तसे माझे हात आपोआप हलायला लागले. नाटकात माझं असंच होतं. नटी चुकायला लागली की मी विंगेतून हातवारे करते.

“ओ मॅडम,” अश्फाक भाई कुजबुजले, “हवेत कोणाला लुगडं नेसवताय?”

मी टाचा उंचावून बघायला लागले. कारण स्टेजवर हायाशी-सानच्या उजव्या बाजूला दुसरा कुरोगो बसला होता.

मला वाटलं, कंबर धरलेला उठून आला असेल. इशाऱ्याच्या लाकडी ठोकळ्यांचा कडकडाट झाला, मी हवेत हिसका दिला आणि दोन्ही खांद्यांचे दोरे एकदम सुटले. पांढरा किमोनो असा खाली आला जसं दूध उतू जातं! आत लाल. एक टाका अडकला नाही. उजवीकडचा काळा हात मागून एकदा फिरला आणि लाल किमोनोचा घोळ उचलून कमरेच्या पट्ट्यात गेला.

थिएटर जे उठलं ते बसेना. हायाशी-सान मोकळ्या पायांनी नाचले. असे नाचले की मी त्यांचं वय विसरले. बाल्कनीतून आमच्याच मंडळाच्या कुणीतरी “वन्स मोअर!” अशी आरोळी ठोकली, आणि ही आपली रीत माहीत नसतानाही अर्ध्या थिएटरने ती उचलली. काबुकीत वन्स मोअर नसतो. ऑर्गनायझर मात्र सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता.

पडदा पडल्यावर मोरिता-सान थेट माझ्यापुढे. चेहरा लाल. “मॅडम, तुम्ही स्टेजवर गेलात?”

“ये?” अश्फाक भाई मध्येच. “कसम से साब, मॅडम यहीं खड़ी थी. मेरे बाजू में. हवा को साडी पहना रही थी.”

केन्ता तोंडावरचा पडदा वर करून घामाघूम उभा. “उजवीकडे कोण होतं?” त्याने विचारलं. त्यालाही काळी बाही दिसली होती. कंबर धरलेला माणूस आत चटईवर आडवा होता, त्याला कूस बदलता येत नव्हती.

तेवढ्यात हायाशी-सानने पाठ केली, पट्टा सोडवायला. मी पुढे झाले. लाल किमोनोचं टोक दुहेरी दुमडलेलं होतं आणि डावीकडे एक पीळ होता.

मी ती खोच सोडवली. माझ्या हाताला ती ओळखीची होती. याहून जास्त मी काही सांगू शकत नाही.

नवरा म्हणाला, “दुपारी जेवली नव्हतीस ना?” जेवले होते. बिर्याणी. लेकीने शोचं रेकॉर्डिंग पाहिलं आणि म्हणाली, “मम्मा, देअर्स ओन्ली वन पर्सन.” बरोबर आहे, त्यात केन्ताच दिसतो. पण दोन्ही खांदे एकदम सुटतात, तेही दिसतं. “मग उजवा दोरा कोणी ओढला?” मी विचारलं. तिने खांदे उडवले आणि फोनमध्ये डोकं घातलं.

सीझनचे उरलेले सगळे शो हाउसफुल गेले. कंबर धरलेला चार दिवसांत उभा राहिला. काळी बाही परत कधी आली नाही. केन्ताला मात्र मी ती खोच शिकवली. ऑर्गनायझरने नाच काढायचं नाव पुन्हा घेतलं नाही. हायाशी-सान शेवटच्या शोपर्यंत नाचले आणि त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच्या मर्जीने सोडली.

मी भरपूर विचार केला. भास म्हणावा तर तो मला, केन्ताला आणि मोरिता-सानना, तिघांना कसा झाला? दोरा आपोआप सुटला म्हणावं तर खोच आपोआप बसत नाही. मला कारण सापडलेलं नाही, आणि उगाच काहीतरी कारण लावण्याचा माझा स्वभाव नाही.

जायच्या दिवशी पेट्या भरून झाल्यावर मी हायाशी-सानना सरळ विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, कोण होतं ते?”

मोरिता-सानने त्यांचं उत्तर मला इंग्लिशमध्ये सांगितलं. कुरोगो कोण होता हे नटाने विचारायचं नसतं. पण काम उत्तम होतं.

मी म्हटलं, “थँक यू.”